रकाना सातवा

डंडीच्या नोंदणी कचेरीत, तळघरात,
मी जुन्या वह्या संगणकात उतरवते.
सातवा रकाना : विषबाधा. अपघाती.
अक्षर बदलतं, शाई निळ्याची काळी होते,
तो एक शब्द तेवढा जागचा हलत नाही.

आधीच्या वह्यांना कोळशाच्या गॅसचा वास येतो.
येत नसणार. मला येतो.

आयझाक रॅट्रे, तागाच्या गिरणीतला, वय एकसष्ट.
मीटरमधलं नाणं संपलं, शेगडी विझली,
तो खुर्चीतच पेंगला.
शेजारच्या एफीला वाटलं, म्हातारा गारठेल,
तिने जिना उतरता उतरता
त्याच्या मीटरात स्वतःच्या पदरचं नाणं टाकलं.
गॅस आला.
ज्योत आली नाही.

नाणं कोणी टाकलं, याला रकाना नाही.
एफी माझी मावशी.
तिने पुढे जन्मात कुणाला वाटीभर साखर उसनी दिली नाही
आणि आम्ही पोरं तिला कवडीचुंबक म्हणायचो.

मग समुद्राखालचा गॅस आला.
माणसं घरोघरी फिरून शेगड्यांच्या तोट्या बदलून गेली.
त्यानंतरची पानं मोकळी. सलग सहा पानं गॅसचं एक नाव नाही.
मला वाटलं, वही चुकली.

नंतर गोळ्या.
गुलाबी, साखरेचा लेप दिलेल्या.
कॅट्रिओना, वय दोन वर्षं चार महिने,
आईच्या रक्तवाढीच्या गोळ्या, खाऊ समजून.
एका माळ्याने लेमोनेडच्या बाटलीत तणनाशक भरून ठेवलेलं,
तहान त्याच्याच भावाला लागली.
मग झाकणं आली, दाबून फिरवायची.
पोरं वाचली.
संधिवाताच्या बोटांना मात्र ती उघडेनात,
म्हणून म्हातारी माणसं बाटली उघडीच ठेवायची,
आणि रविवारी नातवंडं यायची.

पुढे वह्या संपतात. सगळं पडद्यावर.
आता शब्द लिहावा लागत नाही, यादीतून निवडायचा.
वयं तिशीची, चाळिशीची.
निळ्या गोळ्या, खिशातून सुट्या विकलेल्या,
आत काय, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नाही.
एकेका नावापुढे चार-चार औषधं, मध्ये स्वल्पविराम.

फर्गस रॅट्रे, वय अडतीस.
आयझाकचा कोण लागत होता, विचारायचं नाही,
आम्हाला फक्त उतरवायचं असतं.
पण हा माझ्या वर्गात होता.
दर हिवाळ्यात एकच हातमोजा हरवायचा,
नेहमी डावा.

कचेरी सुटली की मी टे नदीच्या कडेने घरी जाते.
पर्समध्ये, किल्ल्यांशेजारी, नाकात मारायचा फवारा.
पुलाखाली कुणी निजलेलं दिसलं
की थांबते, वाकते, खांदा हलवते.
बहुतेक वेळा शिवी मिळते,
तीही आईवरून.
हायसं वाटतं.
मी पुढे निघते.