घर्षण नगण्य माना

साडेसहाला भोईर मॅडम फळ्यावर उतार काढतात,
तीस अंशांचा. त्यावर ठोकळा, ठोकळ्याला बाण,
आणि शेजारी लिहितात: घर्षण नगण्य माना.

मला हसू येतं.
तासाभरापूर्वी वागळे इस्टेटला, सोळा नंबरच्या रोडवर,
ग्राइंडर बंद करून, हात दोनदा धुऊन निघाले,
तरी वही उघडली की पानाला कूलंटचा वास येतोच.
तेरा वर्षं झाली, माझा पगारच घर्षणाचा आहे.

मॅडम सव्वीसच्या, मी एकोणचाळीसची.
हजेरीत माझ्या आधी तन्वीर.
घोडबंदरच्या टॉवरांतल्या लिफ्ट बघतो.
तास रंगात आला की त्याचा फोन थरथरतो,
बाराव्या मजल्यावर कुणीतरी अडकलंय.
दारातून वळून तो मला हातानं खुणावतो: लिहून ठेव.
मी मोठ्या अक्षरात लिहिते, फोटोत नीट यावं म्हणून.

मॅडम म्हणतात, वस्तू आधी सगळ्यांतून सोडवून घ्या,
मग जिथे जिथे तिला कुणाचा स्पर्श होता
तिथे तिथे एकेक बाण काढा.
माझं मी काढायला बसले
तर कागद पुरायचा नाही.

ड्रॉइंग बोर्ड प्लास्टिकमध्ये गुंडाळून टीएमटीत चढले,
कंडक्टर म्हणाला, ताई, ह्या फळीचं अर्धं तिकीट लागेल.
म्हटलं, फाडा की. एकाच वर्गात आहोत आम्ही.

एम-वनला केटी लागली.
डीएक्स म्हणजे काय, हे विचारायला जीभच उचलली नाही,
पुढच्या बाकांवरची पोरं भराभर उतरवून घेत होती.
मुलगी आठवीत, कंपास तिचाच आणते,
तिला तरी काय माहीत.
मग एका दुपारी कारखान्यात
इब्राहिमचाचा जॉबवर अंगठा फिरवत म्हणाले,
एक केस अजून काढ. नाही, अर्धाच.
आणि मी चाक तसंच फिरतं ठेवून उभी राहिले.
एवढंच होतं होय ते?
केसाचा अर्धा, त्याचा अर्धा, त्याचाही अर्धा,
आणि मग सगळे केस परत गोळा करायचे.

प्रॅक्टिकलला उतार खरा होता,
काचेचा, एका बाजूनं उचलता येणारा.
वीस अंश. पंचवीस. तीस झाले,
लाकडी ठोकळा ढिम्म.
मॅडमनी जर्नल उलटंपालटं केलं, काचेवर फुंकर मारली,
म्हणाल्या, रीडिंग गेल्या वर्षीचं घालूया.
मी नखाची पाठ काचेवरून हळू ओढत नेली.
मधोमध चिकटपट्टीचा जुना डिंक, डोळ्यांना न दिसणारा.
खिशात कॉटन वेस्टचा बोळा असतोच, त्यावर थेंबभर थिनर.
ठोकळा एकोणीसला सुटला.
तीनदा केलं, तिन्ही वेळा एकोणीसला.
टॅन एकोणीस, शून्य दशांश चौतीस.
तुम्हाला कसं कळलं, मॅडमनी विचारलं.
याचं सूत्र मला अजून आलेलं नाही.
त्या जरा थांबल्या,
मग आपलं नख काचेवर ठेवून हळूच ओढून पाहिलं.

परीक्षेला तोच उतार, तोच ठोकळा, सहा मार्क,
आणि कंसात तेच वाक्य.
मी वर पहिल्या ओळीत लिहिलं: मानलं.
खाली मनात: सहा मार्कांपुरतं.

सुपरवायझर विचारतो, डिग्री झाली की मशीन सोडणार का?
आठ सेमिस्टरांतलं दुसरं चाललंय, त्यात एक केटी.
म्हटलं, आधी चाक ड्रेस करू दे.

रात्री साडेदहाला किसननगरच्या बोळात
बोर्ड भिंतीला टेकवून किल्ली काढते.
आमचं दार खालून घासतं, करकरतं,
आणि आत सगळी निजलेली.
म्हणून कडीला धरून मी ते आधी उचलते,
केसभर,
आणि मग ढकलते.