चौथं अक्षर

शनिवारी दुपारी, ट्योस नदीकाठच्या शाळेच्या तळघरात,
जिथे एरवी गावचं बँडपथक आपले ढोल ठेवतं,
जामयांग गेन-ला फळ्यावर अक्षरं काढतात.
क. ख. ग.
मग थांबतात, खडूची झिजलेली बाजू फिरवून घेतात,
आणि काढतात ङ.

आपल्याला हा माहीत आहे.
गिरवला, घोकला, सोडून दिला.
तक्त्यावर त्याच्या चौकोनात ना फळ, ना प्राणी.
कुठल्याही शब्दाच्या दारात
आपण त्याला कधी उभा केला नाही.

त्यांच्यात तो एकटाच अख्खा शब्द आहे.
ङ म्हणजे मी.
आणि घ त्यांच्याकडे नाहीच, म्हणून हा चौथा.

सात वर्षांचा लुंगतोक म्हणतो, "मला येत नाही."
जर्मनमध्ये म्हणतो, तीही इथली, दरीतली,
घसा खाकरून बोलायची.
"नाकातून म्हण. सर्दी झाल्यासारखं."
"पण मला सर्दी झालेली नाही."
वर्ग हसतो. गेन-लाही हसतात, खडू खाली पडतो.
वाकताना गुडघ्यावर हात ठेवावा लागतो आता.
मुलांना गुप्त लिपी आवडते, म्हणून ते युक्ती काढतात:
एक म्हणजे क, दोन म्हणजे ख,
चार दिसला की स्वतःचं नाव समजा.

ते आले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते.
टेबलामागच्या बाईने नाव विचारलं, मग आडनाव.
आडनाव नव्हतं. तिने नावाचेच दोन तुकडे केले
आणि मागचा तुकडा रिकाम्या रकान्यात बसवला.
बहिणीचं आडनाव वेगळं निघालं, आईचं तिसरंच.
एका खोलीत झोपणारी माणसं
कागदावर एकमेकांची शेजारीही नव्हती.

कारखान्यात पातेली होत.
शेवटच्या टेबलावर तपासणी: बूड सपाट आहे का,
कान घट्ट आहेत का, झाकण डुगडुगतं का.
प्रत्येक तपासनिसाला आकड्याचा एक ठसा.
कुणी म्हातारा निवृत्त झाला, त्याचा यांना मिळाला:
४.
सदतीस वर्षं. दिवसाला तीनशे बुडं.
फोरमन वाचायचा चार.

हे त्यांनी एकदाच सांगितलं, नोर्झोमला, लग्नानंतर.
ती कणीक मळत होती. म्हणाली,
"एवढा सगळीकडे आहेस, तर आज भांडी तू घास."

हीच नोर्झोम, जिने नव्या वर्षाच्या पहाटे
बाल्कनीत धूपाची हिरवी फांदी पेटवली
आणि चौथ्या मजल्यापर्यंत बंब आला.
तिने चौघांना लोणी घातलेला खारट चहा पाजला.
तिघांनी कसाबसा संपवला. एकाने पुन्हा मागितला;
तो तिच्या अंत्यविधीलाही आला होता,
सगळ्यांत मागे उभा, हेल्मेट काढल्यासारखे
दोन्ही हात पोटाशी धरून.

संध्याकाळी लुंगतोकच्या आईची रात्रपाळी असते.
तो खालच्या मजल्यावर एगर्टरबाईंकडे जेवतो.
बाईंचं दुधाचं पातेलं आईच्या रुखवतातलं असावं इतकं जुनं,
कानाला दोरा गुंडाळलेला.
धुतलेलं, ओट्यावर पालथं.
तो स्टुलावर चढतो. बोटाने बूड चाचपतो.
काळपट चकतीच्या कडेला,
झिजून झिजून उरलेला,
४.

तो मागे बघतो. कोणी ओळखीचं उभं नाही.
तोंड मिटतो. जीभ मागे ओढतो.
नाकातून, हळूच:
"ङ."

एगर्टरबाई वळतात.
म्हणतात, तरी सांगत होते टोपी घालून जा,
आणि त्याच पातेल्यात
त्याच्यासाठी मध घालून दूध तापत ठेवतात.