चिपाड

रामबहालच्या चरकाला घुंगरं बांधलेली आहेत.
एकच ऊस तो चार वेळा फिरवतो,
शेवटच्या खेपेला आल्याचा तुकडा, अर्धं लिंबू दुमडून,
आणि चिपाड पिंपात फेकताना म्हणतो,
‘ताई, यात आता काय पण नाय.’

मी तेच उचलते. रोज दोन पिशव्या.
माटुंग्याच्या फाटकावरचा वॉचमन हल्ली विचारतही नाही.

वाळवते, दळते, चाळते.
उरतो तो भुसा, बेचव.
साखरच ती, पण एकमेकींचे हात इतके घट्ट धरलेली
की जिभेला पत्ता लागत नाही.
आम्लालाही दार सापडत नाही,
उंबऱ्यावर चपला झिजवून ते परत येतं.

म्हणून हा आवाज.
टायटॅनियमची दांडी, करंगळीहून थोडी जाड,
सेकंदाला वीस हजार वेळा थरथरणारी.
चंचुपात्राभोवती बर्फ,
आमचं यंत्र बिघडलंय म्हणून सायनच्या मासळीबाजारातला,
किंचित बोंबलाच्या वासाचा.

मला फक्त कानामागे कुठेतरी टोचतं.
पण जिन्याखाली झोपणारी कुत्री
मी कानात कापूस घालताना दिसले
(तोही सेल्युलोजच)
की उठून चालू लागते.

पाण्यात बुडबुडे. दिसायच्या आत मिटणारे.
मिटताना एकेकाच्या पोटात
सूर्याच्या पाठीवरचं ऊन,
आणि थर्मामीटर म्हणतो, बावीस.

सात वेळा काही फरक पडला नाही.
आठव्या वेळी घोसाळकरमामांनी
(इथं एकतीस वर्षं, बाटल्या धुण्यात)
दांडी बोटभर वर उचलली.
‘तळाला टेकवू नका. रवी कशी धरतो ताकात, तशी.’

उकळत्या नळीतलं पिवळं
नारिंगी झालं, मग विटकरी.
वहीत आकडा लिहिला: नुसत्या आम्लाच्या जवळजवळ दुप्पट.
आवाजानं काही तोडलं नव्हतं, हेही लिहिलं.
त्यानं फक्त सैल केलं.
तोडलं आम्लानंच.

संध्याकाळी रामबहालला सांगितलं.
त्यानं चरक थांबवला. घुंगरंही थांबली.
‘म्हंजे इतकी वर्षं साखर फेकली मी?’
मग चिपाड न्यायला आलेल्या गोठ्याच्या टेम्पोकडे बघत,
‘आणि गाय? ती तर रोज खाते.
तिला कुठं मशीन लागते?’

माझ्याकडे उत्तर होतं.
पोटाच्या चार कप्प्यांचं, जंतूंचं, लांबलचक.
मी एक ग्लास मागितला.
बर्फाशिवाय.