मंगळवार ते शनिवार

सीबीएसजवळ, कोर्टाच्या समोर
झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर मी
लोकांची घरं छापते.
पाथर्डी फाट्याचा टू बीएचके, मखमलाबादचा सातबारा,
पूर्वेस नाला, पश्चिमेस चुलत्याची हद्द.
हिरवा उजेड पानाखालून सरकतो
आणि कुणाचं तरी घर
कोमट होऊन माझ्या हातात येतं.

दर मंगळवारी एक तिकीट काढते.
शालिमारला, घड्याळवाल्याच्या शेजारी
पोपट गांगुर्डे स्टुलावर बसलेला असतो.
“आकडा निवडा ताई.”
मी निवडत नाही. निवडला की जबाबदारी आली.

सोडत शनिवारी.
म्हणजे चार दिवस माझे.

आधी कर भरून टाकते.
तीस टक्के बाजूला, कुणाचं देणं नको,
मगच उरलेल्यात हात घालते.
पहिली खरेदी : बेसिन.
हसू नका. आम्ही मोरीत वाकून दात घासतो.
ताठ उभं राहायचं, आरशात बघायचं,
आणि नळ थोडा वेळ उगाच सोडून ठेवायचा.

बुधवारी गंगेवरच्या बाजारात
मेथीचा भावच केला नाही मी.
बाईनं जुडी देताना दोनदा वर पाहिलं.

गुरुवारी वाटणी. वन्संना दोन लाख.
दुपारी फोनवर म्हणाल्या,
“तुझ्या हाताला चव नाही गं, येईल हळूहळू.”
लग्नाला एकोणीस वर्षं झाली.
एक लाख जागच्या जागी कापला.
संध्याकाळी त्याच आल्या, गुडघा धरत तीन जिने चढून,
डब्यात कोथिंबीर वड्या.
लाख परत केला. वर पाच हजार.
वडी खात मी त्यांच्याकडे अशी काही बघत होते
की त्यांनी विचारलं, “दाढ दुखतेय का?”

मालकांना काही नाही.
फक्त एकदा काउंटरच्या त्या बाजूला उभी राहीन,
एकच कागद पुढे करीन :
“पाठपोट. आणि कडा कापू नका.”

शुक्रवारी गिऱ्हाईक नव्हतं.
तिकीट काचेवर पालथं ठेवलं, झाकण लावलं.
लक्ष्मी काळी आली, नाणी करडी,
आकडे मात्र स्वच्छ.
खाली बारीक अक्षरांत :
मूळ तिकीट सादर करणे आवश्यक.
पर्समधले दोन रुपये गल्ल्यात टाकले.

शनिवारी निकाल चारला लागतो.
मी सहाला जाते. तेवढे दोन तास
कुणाचं काय बिघडतं?

“नाही लागलं, ताई.”
“बरं.”

वन्संचे पैसे देऊन झालेत, ते मागता येत नाहीत.
बेसिन भिंतीत बसलंय,
वाकायची सवय मोडलीय माझी.
राहता राहिले ते तीस टक्के.
ते परत मिळतात का,
सोमवारी एखाद्या वकिलाला विचारीन म्हणते,
समोरच तर असतात.