केस पेपर

लाइपझिगला शिकलो मी, चौऱ्याऐंशी साली.
तिथे देव नव्हता, ग्रिड होता.
पानाला बारा स्तंभ, आणि स्तंभांबाहेर
काही नाही.
अदिस अबाबाला परतलो तेव्हा आई म्हणाली, बारीक झालास.
बाकी काय झालो ते तिनं विचारलं नाही.

आता साठी जवळ आलीय. तिसऱ्या वर्षाला अक्षररचना शिकवतो.
त्सिगेरेदा शेवटच्या बाकावर, खिडकीशी,
खांद्यावर पांढरी नेतेला, नखांत काळी शाई.
बाप ताना सरोवराकाठी पोथ्या लिहितो.
बकऱ्याचं कातडं चौकटीवर ताणतो,
बोरू स्वतः तासतो.
(हे तिनं सांगितलं नाही. फीमाफीच्या अर्जात होतं.)

पहिल्याच पोस्टरवर तिनं प्रत्येक शब्दामागे
दोन टिंबं दिली, एकाखाली एक,
जुन्या पोथ्यांत असतात तशी.
मी म्हटलं, आता कोण देतं हे? जागा असते की दोन शब्दांत.
आणि लाल पेनानं एकेक जोडी उडवली.
सत्तेचाळीस.

ती कागदाकडे पाहत राहिली.
मला वाटलं, रडेल.
"सर, आमच्याकडे लालनं फक्त नावं लिहितात.
देवाचं, मारियामचं, संतांचं.
चूक झाली तर बाबा चाकूनं खरवडतात, हळूहळू.
कातडं तिथे पातळ होतं.
उजेडाला धरलं की कळतं, इथे कुणी चुकलं होतं."

माझ्या स्क्रीनवर अन्डू आहे.
चुकल्याचं कुणाला कळत नाही,
मलासुद्धा.

मोठ्या उपासाचे पंचावन्न दिवस लागले.
दूध नाही, अंडं नाही, मांस नाही.
तिनं रंगही सोडले.
"काळा चालतो," म्हणाली, "आणि थोडा लाल."
रविवारी आपल्या पेंटेकोस्टल चर्चमध्ये कीबोर्ड वाजवणारा योनातान म्हणाला,
"इंद्रधनुष्य काय देवानं उपासाला केलं होतं?"
सगळे हसले. तीही.

त्या दिवसांतली तिची काही पानं वाईट होती, खरं सांगायचं तर.
धाडस नसलेली, आणि त्याला नाव संयम.
मी तसं लिहिलंही.
पेन्सिलीनं.

शेवटचं काम तिनं निवडलं: सरकारी दवाखान्याचा केस पेपर.
जुना आम्ही सगळ्यांनी हातात धरलाय.
वर खाटेचा नंबर, ठळक. मग वॉर्ड, तारीख, पावती,
आणि पार खाली नाव,
एवढ्याशा रेघेवर, जिच्यात गेब्रेमारियाम मावत नाही.
त्याचा गेब्रे होतो.
नुसता सेवक.
कुणाचा, ते कागदाबाहेर.

तिनं नाव वर नेलं. अख्खी ओळ त्याला दिली.
ओळ बोटभर उंच,
कारण ज्याला लिहिता येत नाही तो अंगठा उठवेल,
आणि अंगठ्याला ऐसपैस लागतं.
खाली रेघ, लाल.
नंबर कोपऱ्यात, आपल्या जागी.

"बाबा प्रार्थना लिहितात," ती म्हणाली,
"'तुझ्या सेवकाला सांभाळ' लिहून झालं की पुढे कोरं सोडतात.
पोथी घेईल त्याचं नाव मागाहून भरायला.
वर्षभर लिहितात, सर,
आणि कुणासाठी, ते माहीत नसतं."

मी कागद दोनदा तपासला. क्रूस नव्हता.
कबूतर नाही, ढगांतून उतरणारी किरणं नाहीत.
खोडण्यासारखं काही मिळावं म्हणूनच शोधत होतो.
नाव आणि बापाचं नाव, मध्ये तेवढी
दोन टिंबं.

समासात लिहिलं, छपाईला दोन रंग, खर्च वाढेल.
खरंच आहे ते. वाढेल.
तरी रबर घेतलं आणि खोडलं,
आणि संध्याकाळी, स्टुडिओ रिकामा झाल्यावर,
कागद खिडकीशी धरून पाहिला.

दिसत होतं.