टपालखर्च वेगळा

चार बाय सहा.
तळहातावर ठेवला तर बोटांची टोकं तेवढी बाहेर राहतात.

कागद एकवीस रुपये. शाई अंदाजे नऊ.
शाईचा हिशेब कधीच जुळत नाही,
निळी आधी संपते, आणि इथे
नदी सोडून मी दुसरं काय काढते?
पुठ्ठा सहा. बटरपेपर. पाकीट.
‘दुमडू नये’ असा शिक्का करून घेतला दोनशेला,
तो किती पाकिटांवर वाटायचा?
बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या
ओल शोषणाऱ्या पुड्या, त्या फुकट.

हे सगळं एका बिघडलेल्या प्रिंटच्या पाठीवर लिहिलं.
पुढच्या बाजूला आकाश हिरवं आलंय.

मेहुणे पणजीत जमाखर्च लिहितात.
म्हणाले, लागतीच्या तिप्पट लाव, डोळे मिटून.
डोळे मिटून मला काहीच जमत नाही.

चार पहाटा दिवाडीच्या धक्क्यावर उभी होते धुक्यासाठी.
चौथ्या दिवशी आलं.
न आलेल्या तीन दिवसांचे किती धरायचे,
मेहुण्यांना विचारलं नाही.

साडेतीनशे लिहिले.
रात्री दोनशे नव्व्याण्णव केले.
सकाळी त्या नव्व्याण्णवाची लाज वाटली
आणि रागाने साडेचारशे.
पुण्याहून एकाने कळवलं,
एवढासा आहे, मला वाटलं स्वस्त असेल.
मीही बाजारात तेच करते,
बांगड्यांचा वाटा पिशवीत पडला
की म्हणते, घाल गो एक वयर.
ती घालते. शिव्या देत घालते.

सप्टेंबरात एक मागणी आली.
इ. कुलासो, पिएदाद, दिवाडी.
साडेचारशे, वर टपालाचे साठ, दोन्ही भरलेले.
पिएदाद! माझ्या गच्चीवरून तिथल्या चर्चचा
पांढरा ठिपका दिसतो.
टपालाने पाकीट आधी पणजीला गेलं असतं,
मग कुठे कुठे फिरून
तिसऱ्या दिवशी माझ्याच समोरून नदी ओलांडून.
मीच निघाले.
चालत जाणाऱ्याला फेरीबोटीत तिकीट नाही.

दोरी सोडणाऱ्या खलाशाला विचारलं,
पिएदादला कुलासो कुठे राहतात?
म्हणाला, हांवच तो.

तेव्हा ओळखलं, चेहरा नाही, मनगट.
फोटोत तेवढंच आहे:
ओली दोरी, खुंट, मागे धुकं, आणि ते मनगट.
काढताना विचारलं नव्हतं.
चेहरा कुठे येतोय, असं स्वतःला सांगितलं होतं.

त्याने हात विजारीला पुसले, दोनदा.
पाकीट उघडलं नाही, उन्हाकडे धरून पाहिलं,
जसा एखादा एक्स-रे.
मग डावा हात पुढे केला.
मनगटावर गोऱ्या कातडीचा एक पट्टा.
घड्याळ न्हंयत पडलें गो, जुनांत.
तुज्या फोटोंत आसा.

साठ रुपये परत द्यायला काढले.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
की नोटा आपोआप घडी होऊन आत गेल्या.
हाडून दिलें न्ही तुवें? म्हणाला,
आणि इंजिनाकडे काहीतरी ओरडायला वळला.

घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला.
हरभऱ्याएवढं घड्याळ. काच तडकलेली.
सहा वाजून बावीस मिनिटं.
सात महिने हा फोटो विकायला ठेवला होता मी,
आणि किती वाजलेत ते कधी वाचलं नव्हतं.

रात्री पुण्याचा तो पुन्हा:
दोन घेतले तर किती कमी कराल?

लिहिलं, कमी नाही करत.
दोन घ्या, एक लहानसा वर घालते.
मग ते पुसलं.
थोड्या वेळाने परत लिहिलं.