दम धरू नकोस

बूट बाहेर काढ, एलिओदोरो, आणि बस स्टोव्हपाशी.
टाकी तयार आहे,
पण नेण्याआधी थोडं ऐकावं लागेल.

बंबवाल्यांनी अकरा टाक्या काढल्या,
वजनावर, भंगाराच्या भावाने.
त्यांना आता हलक्या आल्यात, काळ्या दोऱ्यांनी विणल्यासारख्या;
पेटत्या जिन्यावर पोलाद कोण वाहील?
तुला मात्र ओझंच हवं.
पाण्यात हलकी टाकी वैरीण, माणसाला उलटं करते.
ही सरळ बुडते, निमूट.
कमरेचं शिसं दोन किलो कमी बांध.

चार मी नापास केल्या.
आत बारीक दिवा सोडून पाहिलं:
तळाशी गंज, पावाच्या चुऱ्यासारखा.
एकीचे आटे झिजलेले.
ती कापली, कायलिन बेटावरच्या शाळेची घंटा झाली.
दोघींत माझा पुदिना आहे.
चौथीचं काय झालं ते माझ्या नवऱ्याला विचार.

उरलेल्या सात पाण्याने भरल्या,
पाण्याच्याच पिंपात उभ्या केल्या
आणि दोनशे सोसणारीवर तीनशेचा भार दिला.
काचेच्या नळीत पाणी चढतं
तेव्हा पोलाद फुगत असतं, केसाएवढं.
भार काढला की परत यायला हवं मूळ मापाला.
बावीस वर्षं झाली,
अजून मी श्वास रोखून बघते.

लोक आगीतून फुफाट्यात जातात;
ही आगीतून थेट समुद्रात निघालीय.

तुझी टाकी घासताना
लाल रंगाखाली पिवळा लागला,
पिवळ्यात खिळ्याने कोरलेला सात,
पोटातून आडवी रेघ असलेला.
तसा सात आमच्या घरात एकच जण काढायचा.

लाकूडगिरणीची आग तुला आठवणार नाही,
तू आईच्या पाठीवर होतास.
दोघं आत गेले होते.
हवा संपत आली की टाकीची शिट्टी वाजते;
उलिसेसची वाजली, तो वळला.
फ्रोइलान म्हणाला, दारामागे कुणी खोकतंय.
माझा भाऊ एकटाच बाहेर आला.
गावाने त्याला एक शब्द विचारला नाही.
तेच विचारणं होतं.
आता प्वेर्तो मोंतला ट्रक चालवतो,
नाताळात फोन करतो, हवामान विचारतो.

व्हॉल्व्ह काढण्याआधी काटा चाळीसवर होता.
ती हवा त्याची नव्हे, मला कळतं,
मधल्या वर्षांत किती जणांनी भरली, रिकामी केली.
तरी मी दार उघडलं
आणि हळूहळू सोडली,
अर्धा तास.
शेजारीण विचारायला आली,
किटली विसरलीस का चुलीवर?

आता नीट ऐक.
घाईच्या माणसाला आपण म्हणतो, दम धर.
खाली दम धरू नकोस.
वर येताना तर मुळीच नाही;
कोंडलेली हवा फुगते आणि छाती फाडते.
सोडत ये, बारीक बुडबुडे,
त्यांच्या पुढे पळू नकोस.

या टाकीची शिट्टी मी काढून टाकलीय,
नव्या व्हॉल्व्हला ती बसत नाही.
तुला फक्त काटा.
पन्नासला आला की वर ये.
कपारीत अजून वीस एरिसो दिसत असतील,
काटे हलवत, हाताच्या अंतरावर.
टोपली अर्धी असेल.
ये.
धक्क्यावर कुणी काही बोललं तर
माझ्याकडे पाठव त्याला.

काल नवा शिक्का ठोकला खांद्यावर,
महिना आणि वर्ष, जुन्यांच्या शेजारी.
सात खरवडला नाही.
तिथे रंग पातळच दे.

पैसे राहू देत.
पहिल्या खेपेचे डझनभर आण,
लिंबू आहे माझ्याकडे.